गोधडीचं पोट

गोधडी शिवायला घेणाऱ्या बायका पुष्कळ, ती संपवणाऱ्या थोड्या. नागपुरातल्या जुन्या घरांतून पलंगाखालची पेटी उघडायला सांगा. दहातल्या दोन-तीन घरांत तरी चादरीत गुंडाळलेली अर्धी गोधडी निघेल. चारही बाजूंनी टाके पडलेले, मधलं अंग कोरं, आणि सुई एखाद्या टाक्यात गंजून बसलेली. का राहिली म्हणून विचारलं की मुलीचं लग्न निघालं, सासूबाई पडल्या, मोतीबिंदू झाला अशी कारणं मिळतात. खरं कारण बहुतेकदा एकच असतं. मधोमध झोळ आला, तो कसा काढायचा ते कळेना, आणि दाखवणारी कुणी जवळ नव्हती.

गोधडीबद्दल मराठीत जे लिहिलं जातं त्यात माया, ऊब आणि आजी यांची इतकी रेलचेल असते, की ही वस्तू मुळात कशी उभी राहते हे सांगायचं राहूनच जातं. हा कापडाचे थर एका जागी धरून ठेवायचा प्रश्न आहे, आणि तो कठीण आहे. थरांमध्ये अडकलेली हवा अंगाची उष्णता राखते. टाके फार दाट घातले तर थर दबतात, गोधडी फळीसारखी होते आणि ऊब कमी देते. विरळ घातले तर दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात आतली कापडं सरकून एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून दोन ओळींत बोटभर अंतर. बायका हे मोजत नाहीत. डाव्या हाताचं बोट शेजारी ठेवतात आणि पुढे जातात.

नागपूरला थंडी कसली, असं पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवीही डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री आठ-दहा अंशांच्या असतात, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. अशा गावात कापसाची जाड रजई वर्षातले नऊ महिने अडगळ होते. गोधडीचं तसं नाही. थंडीत दोन घ्या, फाल्गुनात एक, उन्हाळ्यात गच्चीवर खाली अंथरायला तीच.

कापडाची ददात या शहराला कधीच नव्हती. पाचपावली, तांडापेठ, गोळीबार चौक या कोष्ट्यांच्या वस्त्यांतून माग चालत. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली आणि भोवतीच्या मुलखातला कापूस इथेच सूत आणि कापड होऊ लागला. मिल आता नाही, तिच्या जागेवर मॉल उभा आहे. पण एका पिढीपूर्वीपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर सुती नऊवारी असायची, आणि ती विरली की तिचं पुढचं काम ठरलेलं असायचं.

हिशेबही सोपा होता. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी दोन मीटर, म्हणजे पुरत्या माणसाची लांबी. एका लुगड्यात चार थर झाले. आत आणखी एखादं धोतर किंवा विरलेली चादर घातली की एकट्यापुरती गोधडी तयार. काठ जाड आणि टिकाऊ, म्हणून तो बाहेरच्या कडेला. आत जाणारं कापड फाटकं चालतं, ठिगळाचं चालतं, रंग गेलेलं चालतं. मात्र ते सुती हवं. सिंथेटिक साडी आत घातली की थर एकमेकांवरून घसरतात, घाम धरून राहतो, आणि टाका कितीही घट्ट घाला, त्याला पकड येत नाही. आज घराघरांत जुन्या साड्यांचे ढीग आहेत आणि त्यांतल्या फार थोड्या गोधडीच्या कामाच्या आहेत. त्यामुळे हौशी बायका गांधीबागेतून नवं सुती कापड आणतात, दोनदा धुऊन मऊ करतात आणि मग शिवायला घेतात. हा उलटा व्यवहार आहे, पण त्याला इलाज नाही.

शिवण्याचे दिवस चैत्र-वैशाखाचे. शेतीची कामं उरकलेली असतात, हवा कोरडी असते, कापड धुतलं की तासाभरात वाळतं. गच्चीवर एका बाजूला मुगवड्या आणि कुरडया, दुसऱ्या बाजूला सावलीत गोधडी, असं चित्र नागपूरच्या जुन्या वस्त्यांत नेहमीचं होतं. आधी जमीन झाडून सतरंजी पसरायची. खालचं लुगडं ताणून चार कोपऱ्यांवर वजनं ठेवायची: वरवंटा, पाण्याने भरलेला तांब्या, जे हाताशी असेल ते. मग एकेक थर तळहाताने निपटत आणायचा. हे काम एकटीने होत नाही. समोरून दुसरं टोक धरणारी हवीच. सगळे थर बसले की मोठमोठे कच्चे टाके घालून ते जागेवर धरायचे, आणि त्यानंतर खरी शिवण सुरू होते. लांब सुई, मेण लावलेला दुहेरी सुती दोरा, बोटात अंगुस्तान.

शिवण सुरू होते बाहेरच्या कडेने. कडा आत दुमडून चारही बाजूंना पहिला फेरा घालायचा, मग बोटभर आत दुसरा, मग तिसरा. चौकोनात चौकोन उतरत जातात आणि शेवटी मधोमध हातभर जागा उरते. पाश्चात्त्य देशांत क्विल्ट शिवणाऱ्या बायका बहुधा उलट जातात. मधून सुरुवात करून बाहेर सरकतात, उरलेलं कापड कडेला कापून टाकतात आणि शेवटी वेगळी पट्टी लावून कड बंद करतात. त्यांचा झोळ बाहेर निघून जातो. आपल्या गोधडीत कड आधीच बंद झालेली असते, त्यामुळे झोळाला बाहेर पडायला वाटच नसते.

तो येतो कुठून, हे माझ्या मैत्रिणीने मला दाखवलं. वयाने पंधरा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. पाचपावलीत वाढलेली, शिवण आईकडून शिकलेली. माझी गोधडी हातभर उरली होती आणि मध्ये कापड पापडासारखं फुगलं होतं. ती आली, चहा नको म्हणाली, सरळ गोधडीवर जाऊन बसली.

"कशाला एवढा दोरा ओढून राहिली तू?"

मग तिने सुई घेऊन दाखवलं. धावदोरा घालताना सुई वरच्या कापडाला किंचित पुढे ढकलते आणि खालचं कापड मागे राहतं. एका टाक्यात हा फरक दिसतही नाही. पण एका फेऱ्यात शेकडो टाके असतात, आणि फेरे आत आत येतात तसं हे जास्तीचं कापड त्यांच्यापुढे सरकत मध्यभागी जमतं. जाणती बाई ते चौथ्या-पाचव्या फेऱ्यालाच ओळखते. डोळ्यांनी नाही, हाताने. शिवता शिवता ती दर थोड्या वेळाने तळहात मधल्या भागावरून फिरवते, आणि कापड हाताबरोबर हललं की तिथेच थांबते.

उशीर झाला असेल तर दोन वाटा राहतात. एका बाजूचे आतले दोन-तीन फेरे उसवायचे, हात ओला करून कापड पुन्हा निपटायचं आणि नव्याने शिवायचं. किंवा जास्तीच्या कापडाची बारीक चुणी घालून ती दाबायची आणि वर ठिगळ लावायचं. जुन्या गोधड्यांच्या मधोमध जो एखादा वेगळ्या रंगाचा चौकोन दिसतो, ज्याला प्रदर्शनातले लोक नक्षी म्हणतात, त्यातले कितीतरी चौकोन असे चुण्या झाकायला आलेले असावेत असा माझा दाट संशय आहे. ताईने माझे दोन फेरे उसवले आणि तरीही वर एक ठिगळ लावायला लावलंच.

त्या मधल्या जागेला पोट म्हणतात. काही घरांत ते बंद करण्याआधी आत भाकरीचा किंवा पुरणपोळीचा तुकडा ठेवायची रीत आहे. गोधडी उपाशी राहू नये, म्हणजे ती पांघरणाऱ्यालाही उपाशी राहावं लागणार नाही. ताईला रीत मान्य, पोळी नामंजूर. "मुंग्या लागतात गं," म्हणून तिने पाच तांदूळ टाकले आणि शेवटचा फेरा स्वतः घातला. तो मला घालू दिला नाही.

याचं मला नवल वाटलं नाही. जिथे जिथे जुन्या कापडाचं पांघरूण शिवलं जातं, तिथे शेवटाला एखादी रीत किंवा दुसरा हात बहुधा येतोच. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळच्या बाजूला राहणाऱ्या, मूळ आफ्रिकन वंशाच्या सिद्दी बायका आपली गोधडी, म्हणजे कवंदीही अशीच कडेकडून आत शिवतात. तिच्या चार कोपऱ्यांना त्रिकोणी घड्या लावतात, त्यांना फुला म्हणतात. फुलांवाचून कवंदी उघडी समजली जाते. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यात कृष्णवर्णीय बायका क्विल्टची वरची बाजू एकेकटीने जुळवत आणि थर शिवायला मात्र चारजणी एकत्र बसत. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात त्यांचे क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लागले. आपल्याकडे मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या गावोगाव फिरून पाहिल्या आणि त्यावर पुस्तक केलं. ते छापलं फ्रान्समधल्या प्रकाशकाने, याची आपल्याला थोडी लाज वाटायला हरकत नाही.

विदर्भात चिंधीला मान नव्हता असं मात्र म्हणता येणार नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा चिंध्या जोडलेलं वस्त्र पांघरून फिरत, लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. नागपूरच्या दीक्षाभूमीवर जमणाऱ्या भिक्खूंच्या अंगावरचं चीवरही तुकडे जोडूनच शिवलेलं असतं. मगधातल्या बांध घातलेल्या शेतांकडे पाहून बुद्धांनी आनंदाला तशा जोडणीचं वस्त्र करायला सांगितलं, अशी विनयपिटकात कथा आहे. ऑक्टोबरात तिथल्या गर्दीत उभं राहून चीवराच्या शिवणी पाहाव्यात. बांध आणि वाफे स्पष्ट दिसतात.

आता मशीनवर शिवलेल्या गोधड्या मिळतात. आत पॉलिएस्टरचा कापूस, वर छापील सुती कापड, टाके सरळ रेषेत. वजनाला हलक्या, धुवायला सोप्या, आणि वाईट नाहीत. फक्त त्यांना गोधडी म्हणू नये, रजई म्हणावं. मशीनचा टाका वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवत जातो आणि थर आवळतो. हाताचा धावदोरा कापडातून नुसता आत-बाहेर जातो, म्हणून थर थोडे हलू शकतात आणि गोधडी अंगाच्या वळणावर बसते. दोरा तुटला तर सुटलेला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा शिवता येतो. एरवी याचा उपयोग कळत नाही. वीस वर्षं वापरलेली गोधडी हातात घेतली की कळतो. मूळ टाक्यांवर दुसऱ्या, तिसऱ्या हाताचे टाके असतात, दोऱ्याचा रंग बदललेला असतो, आणि कुठली ओळ कुणाची हे घरातलं माणूस सांगू शकतं.

पैशांवर शिवून देणाऱ्या बायकाही आहेत. कापड तुमचं, दोरा त्यांचा, दारात बसून दोन-तीन दिवसांत गोधडी हातात. त्यांचा हात इतका सरावलेला असतो की झोळ येतच नाही. ज्यांना गोधडी हवी पण शिवायची नाही, त्यांनी सरळ त्यांच्याकडे जावं आणि घासाघीस करू नये.

ताईने माझ्याकडून पैसे घेतले असते तर बरं झालं असतं. शेतातल्या इर्जिकीसारखं हे काम कामानेच फेडायचं असतं. तिच्या नातवाचं दुपटं सध्या माझ्याकडे आहे: तिच्याच मऊ सुती साडीचे तीन थर, आत काही नाही. बाहेरचे फेरे मी घालायचे आहेत. आतले फेरेही घाल म्हणाली. पोटाला मात्र हात लावू नको, म्हणाली, ते मी येऊन घालीन.