लघवीतलं प्रोटीन : पट्टी, सोन्याचे कण आणि आपले समज

दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कुटुंबं फडावर निघतात, की महिनोन्महिने दवाखाना दुरावतो. मूत्रपिंडाचा बिघाड बहुधा दुखत नाही. लघवीतलं प्रोटीन ही त्याची लवकर कळणारी खूण. तिच्याबद्दलचे समज म्हणूनच नीट तपासायला हवेत.

गैरसमज : लघवीला फेस आला म्हणजे किडनी गेली.
वस्तुस्थिती : जोराच्या धारेनेही फेस येतो. तो रोज टिकत असेल, तर तपासणी करा. निरोगी माणसाच्या लघवीतूनही दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रथिनं जातात. तापात किंवा अतिकष्टांनंतर ती तात्पुरती वाढतात. म्हणून काही दिवसांनी सकाळच्या पहिल्या लघवीची फेरतपासणी करतात.

गैरसमज : लघवीत बुडवलेली तपासणी-पट्टी पिवळीच राहिली, म्हणजे सगळं ठीक.
वस्तुस्थिती : लघवीत अल्ब्युमिन हे प्रोटीन असलं की पट्टीचा पिवळा चौकोन हिरवट होतो. पण लिटरला साधारण १५० ते ३०० मिलिग्रॅमच्या खालचं प्रमाण तिला सहसा कळत नाही. मधुमेहातली सुरुवातीची गळती नेमकी त्याच्या खाली असू शकते. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर पाहतात. ते क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे ३० मिलिग्रॅम किंवा जास्त असून तीन महिने तसंच राहिलं, तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार धरतात.

गैरसमज : प्रोटीन मोजणारा नॅनोसेन्सर ही परदेशी प्रयोगशाळेतली गोष्ट.
वस्तुस्थिती : मेडिकलमधल्या प्रेग्नन्सी किटवरची लाल रेघ अनेकदा सोन्याच्या नॅनोकणांचीच असते. वीसेक नॅनोमीटरचे हे कण हिरवा प्रकाश शोषतात म्हणून लाल दिसतात. एकमेकांना चिकटले की निळसर होतात. अल्ब्युमिन धरणारे रेणू कणांवर बसवले, की रंगातल्या फरकावरून अगदी थोडं प्रोटीनही मोजता येतं.

गैरसमज : सेन्सर आला, आता लॅब नको.
वस्तुस्थिती : लघवीतल्या क्षारांनीही कण चिकटतात आणि फसवा रंग देतात. त्यामुळे नवा सेन्सर आधी लॅबच्या निकालाशी ताडून पाहावाच लागतो. शिवाय प्रोटीन का जातंय, हे सेन्सर सांगत नाही. ते डॉक्टरच शोधतात.

गैरसमज : गरोदरपणात पाय सुजायचेच, त्यात काय तपासायचं?
वस्तुस्थिती : तपासायचं ते रक्तदाब आणि लघवी. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा वर आणि लघवीत प्रोटीन, ही प्रीएक्लॅम्प्सिया या गरोदरपणातल्या आजाराची लक्षणं आहेत. त्यात आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत मोफत तपासणी होते. फडावर निघण्याआधी लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या, माता-बाल कार्ड सोबत ठेवा आणि पोहोचल्यावर तिथल्या आशाताईंना ते दाखवा.