खारं पाणी, रिकामा शंख

दर्यापूर तालुक्यात पाण्याची ओळख चवीवरून होते. शहानूर धरणाचं नळाला येतं ते गोड, विहिरीचं आणि बोअरचं ते खारं. गाविलगड आणि अजिंठ्याच्या डोंगररांगांमधलं पूर्णेचं खोरं खोल गाळानं भरलेलं आहे. निचरा मंद, म्हणून क्षार तिथंच साठत गेले. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतली ८९४ गावं या खारपाणपट्ट्यात मोडतात. जे पाणी ओलिताला चालत नाही, ते माशांनाही मानवणार नाही, असं घरात काचेची टाकी मांडणारा गृहीत धरतो. निऑन टेट्रा किंवा डिस्कस आणले तर त्याचं म्हणणं खरंही ठरतं. अमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातले हे मासे जड पाण्यात जगले तरी त्यांची अंडी सहसा फळत नाहीत. पण इथं चूक पाण्याची नसून निवडीची आहे. पाण्याला माशाजोगं करण्याआधी पाण्याजोगा मासा शोधावा, आणि या पट्ट्यासाठी तो पूर्व आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात सापडतो.

सुमारे १,४७० मीटर खोल असलेल्या या सरोवराच्या पाण्याचा पीएच ८.६ ते ९.२ असतो. तिथं निओथॉमा नावाच्या गोगलगायीचे रिकामे शंख तळाशी थरांनी साचतात. आम्लधर्मी पाण्यात शंख विरघळले असते; इथल्या अल्कधर्मी पाण्यात ते टिकतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे टिकून राहतात, ते अशाच रसायनामुळे. या शंखांतच शंखवासी सिक्लिड संसार मांडतात. त्यातला मल्टिफॅसिएटस हा सगळ्यांत लहानांपैकी एक. नर चार-पाच सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. हे मासे तोंडात वाळू भरून बाजूला नेऊन टाकतात. घास-घास वाळू हलत राहते आणि शेवटी शंखाचं फक्त तोंड उघडं उरतं. मादी आत अंडी घालते आणि राखण करते. अंडी बाहेरून दिसत नाहीत. एखाद्या दिवशी शंखाच्या कडेला डोळे असलेली काडी हलताना दिसते, तेव्हाच वीण झाल्याचं कळतं. मोठी पिल्लं आईबापांजवळच राहतात, नवी पिल्लं त्यांच्याच सोबतीनं वाढतात, आणि टाकीत एक गावच वसतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: खारं म्हणजे टांगानिकाचं नव्हे. त्या सरोवरात लिटरमागे क्षार साधारण अर्धा ग्रॅम असतात. खारपाणपट्ट्यातल्या कित्येक विहिरींत ते याच्या कितीतरी पट निघतात, आणि त्यात सोडियम व क्लोराइड यांचा भरणा असतो. म्हणून बोअरचं पाणी सरळ टाकीत ओतू नये. विरघळलेले क्षार टीडीएस मीटरनं मोजावेत आणि पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळून ते लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमच्या आसपास आणावेत. पीएच आणि जडपणाही तपासावा. हरियाणातल्या रोहतकजवळ लाहली येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या केंद्रात जमिनीतल्या खाऱ्या पाण्यावर कोळंबी वाढवली जाते. त्या पाण्यात पोटॅशियम कमी पडतं, ते वरून द्यावं लागतं. कोणता क्षार किती आहे, हे कळल्यावरच पाणी उपयोगी पडतं.

दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा. पारा पंचेचाळीसवर जातो, आणि या माशांना पंचवीस ते सत्तावीस अंश मानवतात. इथं दोन धोके एकत्र येतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्या अन्नातून निघणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग पीएच ७ ला, पंचवीस अंशांवर, जेमतेम अर्धा टक्का असतो. पीएच ९ ला तो एक तृतीयांशाहून जास्त होतो, आणि उष्णतेनं आणखी वाढतो. म्हणून टाकी ४५ ते ६० लिटरची असावी, फिल्टरमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू वसायला चार-सहा आठवडे द्यावेत आणि खाद्य कमी टाकावं. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडला की पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण वाफ होऊन क्षार मागे उरतात. शेतजमीन खारवते ती याच रीतीनं. वाफेनं घटलेलं पाणी भरायचं ते गोडंच, खारं कधीच नाही. बारीक वाळूचा थर, माशामागे दोन-तीन शंख आणि पिल्लांना अंड्यांतून नुकतेच निघालेले आर्टेमिया हे बारीक जीव, एवढ्यावर वीण चालते. निओथॉमाचे शंख मिळाले नाहीत तर आपल्याकडच्या पाणगोगलगायीचे रिकामे शंख उकळून, धुऊन वापरावेत.

तिसरा आक्षेप परदेशी माशाचा. आफ्रिकेतून आलेल्या चिलापीनं (तिलापियानं) उजनीसारख्या जलाशयात केवढा पसारा मांडला, हे मासेमारांना ठाऊक आहे. शंखवासी मासे शंखाशी बांधलेले असले तरी एकही पिल्लू दर्यापूरच्या चंद्रभागेत किंवा पूर्णेत सोडू नये. जास्तीची पिल्लं दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावीत. देशीच मासा हवा असेल त्यानं दक्षिण भारतातला नारिंगी क्रोमाइड पाळावा. तोही सिक्लिडच. पण दोन्ही वाटांची पहिली पायरी एकच आहे. दुकानात जाण्याआधी घरच्या पाण्याची एक बाटली तपासून घ्यावी. पिढ्यान् पिढ्या ज्या पाण्याला नुसतं ‘खारं’ म्हटलं, त्यात काय काय आहे हे आधी नेमकं कळू द्यावं, मग मासा ठरवावा.