जंजिऱ्याची यादवी आणि मराठ्यांचा हस्तक्षेप (१७३३–१७३६)

जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान याच्या मृत्यूनंतर १७३३ मध्ये त्याच्या वारसांत जो सत्तासंघर्ष उद्भवला, त्याला जंजिऱ्याची यादवी म्हणतात. या संघर्षात छत्रपती शाहू महाराजांनी एका दावेदाराच्या बाजूने सैन्य पाठवले. आजच्या रायगड जिल्ह्यातील मुरूड, रोहा, तळा आणि महाड हे तालुके, तसेच नागोठण्याचा परिसर हे मोहिमेचे प्रमुख क्षेत्र होते. (नागोठणे आज रोहा तालुक्यात आहे, ब्रिटिश काळात ते पेण तालुक्यात मोडत असे.) हस्तक्षेप करावा की करू नये, यापेक्षा तो कशासाठी आणि कोठवर करावा, यावर मराठ्यांच्या बाजूने मतभेद होते.

== पार्श्वभूमी ==

सिद्दी हे नावाला मोगल बादशहाचे आरमारी सेवक होते व आरमाराच्या खर्चासाठी त्यांना सुरतेच्या महसुलातून रक्कम मिळत असे. प्रत्यक्षात जंजिरा हे स्वतंत्र राज्यच होते. १६८९ मध्ये मोगलांनी जिंकलेला रायगड पुढे सिद्दीच्या ताब्यात राहिला. शिवाजी महाराजांची राजधानी आणि समाधी परक्याच्या अमलाखाली असणे ही साताऱ्याच्या दरबारासाठी केवळ लष्करी बाब नव्हती.

रसूल याकूतखानाचा थोरला मुलगा अब्दुल्ला याचा भाऊबंदांनी खून केला आणि धाकटा भाऊ सिद्दी हसन याला पुढे करण्यात आले. अब्दुल्लाचा मुलगा अब्दुल रहमान हा मराठ्यांच्या आश्रयाला आला. सिद्दीच्या आरमारातील शेखजी ऊर्फ याकूबखान हा अधिकारीही फितून मराठ्यांना मिळाला. हस्तक्षेपाला लागणारे निमित्त आणि घरभेद्या अशा रीतीने एकाच वेळी हाती आले.

== मतभेद ==

वृत्तपत्रे आणि जाहीर सभा नसलेल्या त्या काळात अशा वादाचे मुख्य साधन पत्र हेच होते. या प्रकरणात सर्वांत आग्रही लेखणी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींची होती. १७२७ मध्ये गोवळकोट-अंजनवेलचा अधिकारी सिद्दी सात याने चिपळूणजवळील परशुराम देवस्थान लुटले होते. त्यामागे धर्मद्वेषापेक्षा एका हत्तीवरून झालेला गैरसमज होता. सावनूरहून सिद्दीसाठी आणला जात असलेला हत्ती वाटेत आंग्र्यांच्या लोकांनी अडवला आणि त्यात स्वामींचे अंग असल्याचा संशय सिद्दी साताने घेतला. या घटनेनंतर स्वामी कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीस आले. शाहू महाराज, पेशवे आणि आंग्रे हे तिघेही त्यांना गुरुस्थानी मानत. सिद्दीचे पारिपत्य झाले पाहिजे, हा धोशा त्यांनी या तिन्ही ठिकाणी लावून धरला. स्वामी मोठे सावकारही होते आणि बाजीराव त्यांचे ऋणको होते, हे त्यांच्या शब्दाचे वजन जोखताना विसरून चालत नाही.

शाहू महाराजांचा भर रायगड परत मिळवण्यावर आणि जंजिरा कायमचा निकालात काढण्यावर होता. पेशवे बाजीराव यांच्यापुढे वेगळा हिशेब होता. समुद्राने वेढलेला जंजिरा घोडदळाने पडणार नव्हता. आरमार सरखेल सेखोजी आंग्रे यांच्या हाती होते आणि पेशव्यांचे लक्ष उत्तरेकडील राजकारणात गुंतले होते. त्यामुळे अनुकूल वारस गादीवर बसवावा, जमिनीवरचा मुलूख घ्यावा आणि परतावे, हा मर्यादित मार्ग त्यांनी अखेर पत्करला. पुढील घटनाक्रम पाहता ही मर्यादा परिस्थितीला धरूनच होती.

== मोहीम ==

बाजीराव आणि फत्तेसिंह भोसले १७३३ च्या मे महिन्याच्या आरंभी राजपुरीस पोहोचले. खाडीकाठचा मुलूख लवकर हाती आला, पण पावसाळा तोंडावर होता आणि समुद्र बंद होण्याच्या बेतात होता. ८ जून रोजी प्रतिनिधी श्रीपतराव यांच्या माणसांनी किल्ल्यावरील लोक फोडून रायगड घेतला. पेशवे जंजिऱ्यासमोर अडकलेले असताना हे श्रेय प्रतिनिधींकडे गेल्याने दोघांमधील जुनी चुरस आणखी वाढली.

मुंबईकर इंग्रजांनी सिद्दीला मदत केली. मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेली उंदेरी सिद्दीकडे होती. ती आंग्र्यांकडे गेली असती तर बंदराची वाट त्यांच्या हाती पडली असती, म्हणून त्या बेटाचा बचाव इंग्रजांना आवश्यक वाटला. ऑगस्टच्या अखेरीस सेखोजी आंग्रे मरण पावले आणि मराठ्यांची आरमारी बाजू खचली.

== तह ==

डिसेंबर १७३३ मध्ये तह होऊन अब्दुल रहमानचा हक्क मान्य झाला. रायगड, तळे, घोसाळे, अवचितगड आणि बिरवाडी हे किल्ले मराठ्यांकडे राहिले. यांपैकी अखेरचे तीन आजच्या रोहा तालुक्यात आहेत. अवचितगड कुंडलिकेच्या खोऱ्यावर नजर ठेवून आहे, त्यामुळे रोहा-अष्टमीच्या परिसरात सत्तांतराचा अर्थ लगेच कळण्यासारखा होता. महाड ते नागोठणे यांदरम्यानच्या महालांचा महसूल मात्र निम्मा-निम्मा वाटला गेला. म्हणजे दरबारात ज्याला तोडगा म्हटले गेले, तो रयतेच्या वाट्याला दुअंमल म्हणून आला. एकाच शेतसाऱ्यावर आता दोन धन्यांचा हक्क होता.

== पुढील घडामोडी ==

सेखोजीनंतर आंग्र्यांच्या घरातही संभाजी आणि मानाजी या भावांत यादवी माजली. १७३५ मध्ये बाजीरावांनी तेथेही मध्यस्थी केली आणि कुलाबा व वजारतमाब हा किताब मानाजीला, तर सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडील भाग व सरखेलपद संभाजीला दिले. भांडण थांबले, पण मराठ्यांचे आरमार दुभंगले. जंजिऱ्यासारखे जलदुर्ग घेण्याची आशा ज्या एकसंध आरमारावर होती, तेच आता राहिले नव्हते.

तह न मानणारा सिद्दी सात १७३६ मध्ये कुलाब्याच्या मुलखावर चालून आला. १९ एप्रिल रोजी रेवसजवळ, धरमतर खाडीच्या पश्चिमेस, चिमाजी आप्पांनी त्याचा पराभव केला. त्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात नवा तह झाला. गोवळकोट आणि अंजनवेल मात्र सिद्दींकडेच राहिले; ते १७४५ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी घेतले.

== इतिहासलेखन ==

ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार द. ब. पारसनीस यांनी प्रसिद्ध केला आणि या प्रकरणातील दरबारी ताणतणाव प्रथमच तपशिलाने समोर आले. गो. स. सरदेसाई यांनी मोहिमेच्या अपुऱ्या यशाचे खापर मराठी सरदारांतील बेबनावावर फोडले आहे. या कारणमीमांसेला समुद्राची बाजू जोडावी लागते, कारण सरदार एकदिलाने वागले असते तरी पावसाळ्यात, इंग्रजांची मदत असलेल्या बेटासमोर, भूदलाला फारसे काही करता आले नसते. जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच आला नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.