जुन्या इंजिनाचा दमसास

मोटारीचा शौक इंदूरला नवा नाही. श्रीमंत यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीने जी एस.जे. मोटार बांधली, तिचे नाव जगभरच्या जुन्या मोटारींच्या शौकिनांत आजही आदराने घेतले जाते. तिची केशरी व काळ्या रंगाची दोन आसनी बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी घडविली होती. पण जाणकार माणूस त्या बॉडीवर थोडा वेळच रेंगाळतो आणि मग बॉनेटकडे वळतो. आत आठ सिलिंडरांचे, सुमारे 6.9 लिटरचे इंजिन. साध्या 'जे' मोटारीतील त्याच इंजिनाची ताकद कंपनी 265 अश्वशक्ती सांगे; 'एस.जे.'ची सांगे 320. मग ही वरची 55 अश्वशक्ती आली कोठून?

उत्तर ऐकून नवशिक्याला नवल वाटते. ती आली हवेतून! एक भार पेट्रोल पूर्ण जळावयास सुमारे 14.7 भार हवा लागते. म्हणजे इंजिनाची ताकद पेट्रोलच्या टाकीवर अवलंबून नसून, त्याच्या छातीत एका दमात किती हवा मावते यावर अवलंबून आहे. गवयाचा दमसास म्हणतात, तसाच हा इंजिनाचा दमसास. ड्यूसेनबर्गने इंजिनाच्याच बळावर फिरणारा एक पंखा जोडून सिलिंडरांत हवा कोंबली. त्यात एकच खोट होती. पंखा फिरविण्याचे मोल इंजिनाला आपल्याच गाठीतून द्यावे लागे.

ही खोट काढण्याची युक्ती आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याला पूर्वीच सुचली होती. त्याचे पेटंट 1905 सालचे. धुराड्यावाटे जो तप्त वायू फुकट जातो, त्याच्या झोताने एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबावी, हाच टर्बो. मोटारीत तो यावयास मात्र 1962 साल उजाडले. ओल्डस्मोबिल जेटफायर या अमेरिकन गाडीत इंजिन ठोके मारू नये म्हणून पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून द्यावे लागे. मालक ती टाकी भरावयास विसरत. दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि पुढे कित्येक गाड्यांचे टर्बो कंपनीनेच काढून दिले.

टर्बोला घरगुती वळण लावले ते स्वीडनच्या साब कंपनीने. 1977 साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात तिने '99 टर्बो' मांडली. इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडरांचे. पेट्रोल-इंजेक्शनच्या साध्या गाडीत 118 अश्वशक्ती देणारे हे इंजिन टर्बोसह 145 देऊ लागले. यानंतरची '900 टर्बो' 1993 पर्यंत निघत होती. जुन्या टर्बो इंजिनाची ताकद वाढविण्याचा नाद ज्यांना आहे, त्यांची ही आवडती गाडी. म्हणून तिच्याच उदाहरणाने हा विषय सांगतो.

नवशिक्याला वाटते, एक स्क्रू फिरवावा, हवेचा दाब वाढवावा, की झाले. स्क्रू फिरतो, दाबही वाढतो. पण निसर्ग आपला हिशेब चुकू देत नाही. सायकलमध्ये हवा भरताना पंप हाताला गरम लागतो, हा अनुभव सर्वांचा आहे. 30 अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली, तर ती सुमारे 120 अंशांपर्यंत तापते. तापलेली हवा फुगते. म्हणून दाब दुप्पट झाला, तरी सिलिंडरात हवा भरते ती जेमतेम दीडपट. मध्ये हवा थंड करणारी जाळी, म्हणजे इंटरकूलर बसवून तीच हवा 60 अंशांवर आणली, तर भरणा सुमारे 1.8 पट होतो. दाब तोच, स्क्रूही तिथेच. केवळ थंडाव्याची ही कमाई! मुरलेला मिस्त्री आधी जाळीकडे पाहतो व मग स्क्रूकडे, त्याचे कारण हे.

उष्णतेचे दुसरे संकट याहून घातक. फार तापलेले मिश्रण ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्यापूर्वीच ठिकठिकाणी आपोआप भडकते. त्याचा टणटण असा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. असे ठोके काही क्षण बसले, तरी पिस्टनची कड फुटू शकते. पहिल्या टर्बो गाड्यांत यावर उपाय म्हणून मिश्रण आकुंचनाचे प्रमाण उतरवीत. 99 टर्बोत ते 7.2 होते. पण त्यामुळे टर्बोने दम धरेपर्यंत इंजिन सुस्त राही.

यातून सुंदर वाट काढली ती साबच्याच पेर गिलब्रांड या अभियंत्याने. त्याने इंजिनाच्या ठोकळ्यावर एक 'कान' बसविला. ठोक्याची चाहूल लागताच तो वीजयंत्रणेला कळवी, यंत्रणा टर्बोची निकास झडप उघडी आणि दाब उतरे. पेट्रोल चांगले असेल तर ताकद जास्त, हलके असेल तर कमी. पण इंजिन सुरक्षित. ए.पी.सी. नावाची ही योजना 1982 च्या मॉडेलपासून आली आणि आकुंचनाचे प्रमाण 8.5 पर्यंत चढविता आले. पुढे सोळा झडपांच्या इंजिनाने, इंटरकूलरसह, 175 अश्वशक्ती गाठली.

आता अशी गाडी हाती आली, तर काम कोणत्या क्रमाने करावे? प्रथम चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे. एक जरी कमी भरला, तर ताकदीची गोष्टच काढू नये, आधी दुरुस्ती. नंतर रबरी नळ्या. चाळीस वर्षांच्या नळीला चीर असतेच, मापलेली हवा तिच्यातून निसटते आणि मिश्रणाचा सगळा हिशेब चुकतो. मग टर्बोपुढचा एक्झॉस्ट पाइप रुंद करावा, म्हणजे वायूला मोकळी वाट मिळेल. त्यानंतर इंटरकूलर. मग इंधन: त्याचा दाब 2.5 बारवरून 3 बारवर नेला, तर पेट्रोल सुमारे साडेनऊ टक्के जास्त येते. भर ओझ्यावर मिश्रण जरा दाटच, म्हणजे एकास बाराच्या आसपास हवे. जादा पेट्रोल आतली आग निववते. इतके सगळे झाल्यावरच दाबाला हात घालावा, तोही अगदी थोडा थोडा, काट्यावर नजर आणि इंजिनाकडे कान ठेवून.

उतावळा मनुष्य नेमके उलट करतो. आधी दाब वाढवितो आणि ए.पी.सी. आड आली, तर तिचा कानच बंद करतो. गाडी चार दिवस वाऱ्यासारखी पळते, पाचव्या दिवशी निळा धूर काढीत घरी येते. इंजिन वाचले, तर गिअरबॉक्स जातो. या गाडीत तो इंजिनाच्या पोटाखाली असतो, आणि वाढलेल्या पिळापुढे तोच सर्वांत दुबळा ठरतो.

एके काळी फुटलेला पिस्टन हा केवळ खर्चाचा प्रश्न होता. साबची मोटार कंपनी डिसेंबर 2011 मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तो प्रश्न बदलला. आता मोडलेल्या प्रत्येक इंजिनागणिक जगातले एक इंजिन उणे होते. म्हणून कोणी म्हणतात, जुन्या यंत्राला हातच लावू नये, जसे आले तसे जपावे. मला ते पूर्ण पटत नाही. गिलब्रांडने तरी दुसरे काय केले? होते त्याच इंजिनातून अधिक काढले. पण त्याचे ऐकून काढले. जो मालक आधी मोजतो, मग ऐकतो आणि शेवटी स्क्रू फिरवितो, तो यंत्राची विटंबना करीत नाही. त्याची परंपरा तो पुढे चालवितो. गवयाने तार षड्जाला जरूर जावे; मात्र तेथे आवाज फाटत असेल, तर खाली उतरण्याचा विवेकही त्याच्यापाशी असावा.

शेवटी एक लहानशी, पण मोलाची सवय सांगतो. लांबची दौड संपवून दारात आलात, की किल्ली लगेच फिरवू नका. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे ते चक्र अजून तापलेले असते. इंजिन थांबले, की त्याच्या बेअरिंगमधील तेल जागच्या जागी जळून कोळसा होते. एक-दोन मिनिटे इंजिन मंद चालू द्या, आणि मग बंद करा. ज्याने आपल्यासाठी एवढा दम धरला, त्याला श्वास घेण्याइतकी तरी उसंत द्यावी.