पिकअपच्या हौद्याला फवारणीचे अस्तर : कोणते घ्यावे, काय पाहावे?

कापड भिजले तर वाळवता येते, मळले तर धुता येते. पण गंजाचा डाग एकदा बसला की ताग्याची किंमत तिथल्या तिथे अर्ध्यावर येते. ४ वर्षांपूर्वी पावसाळ्यात आम्ही मालेगावहून पांढऱ्या मांजरपाटाच्या गाठी आणल्या. ताडपत्री शाबूत होती, दोरही घट्ट होते. जामनेरला माल उतरवला तेव्हा ३ गाठींच्या पोटाला तांबडे पट्टे निघाले. पाणी वरून आलेच नव्हते. हौद्याचा रंग ठिकठिकाणी उडाला होता, उघड्या पत्र्यावर ओल धरली आणि गंज थेट कापडात उतरला. त्या दिवसापासून हौद्याचे अस्तर हा आमच्या हिशेबाचा विषय झाला.

पाचोरा-जामनेरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली. आता आपला सगळा माल रस्त्यानेच येतो-जातो. सरकी असो, केळी असो, खत असो की साड्यांचे गठ्ठे, बहुतेक सगळे छोट्या टेम्पोत किंवा पिकअपमध्ये. म्हणून ही माहिती फक्त कापडवाल्यांसाठी नाही.

हौदा वाचवण्याचे जुने उपाय सर्वांना ठाऊक आहेत. कोणी फळ्या ठोकतो, कोणी रबराची चटई टाकतो, कोणी वरून जाड पत्रा जोडून घेतो. तयार प्लास्टिकचा साचाही मिळतो. या सगळ्यांत खोड एकच. अस्तर आणि मूळ पत्रा यांच्यामध्ये फट राहते, त्या फटीत पाणी व माती साचते आणि गाडी आतून सडते. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. फवारणीचे अस्तर पत्र्याला चिकटूनच बसते, फट राहत नाही. त्याचा खरा फायदा तो हाच.

हे अस्तर दोन रसायने एकत्र येऊन बनते. पॉलियुरेथेन हे १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधले. पॉलियुरिया त्यामानाने नवे, १९८० च्या दशकात अमेरिकेतून पुढे आलेले. पॉलियुरियाची दोन्ही द्रव्ये यंत्रात गरम करून मोठ्या दाबाने फवारतात आणि ती काही सेकंदांतच घट्ट होतात. त्यामुळे उभ्या बाजूंवरही ओघळ येत नाही आणि जाडी दीड ते ३ मिलिमीटर सहज मिळते. पॉलियुरेथेन जरा सावकाश बसते व साधारणपणे मऊ असते. मऊ अस्तरावर माल घसरत नाही, कडक अस्तर धारदार मालाला जास्त टिकते. दोन्हींची मिसळ करूनही विकतात.

आता व्यवहारातली मेख ऐका. ‘स्प्रे लायनर’ या एकाच नावाखाली बाजारात दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक वर सांगितलेली, गरम यंत्राची. दुसरी म्हणजे बाटलीत मिसळून गॅरेजच्या साध्या कॉम्प्रेसरवर मारायचा जाड रंग. हा दुसरा प्रकार वाईट नाही, हलक्या मालाला पुरतो, पण त्याचा थर बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. पैसे पहिल्याचे घेऊन काम दुसऱ्याचे करणारे भेटतात, म्हणून भाव ठरवण्याआधी जाडी मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून घ्यावी. ‘दोन हात मारतो’ या बोलीला अर्थ नाही.

मापाचा अंदाज स्वतः काढता येतो. हौदा ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद व बाजू सव्वा फूट धरल्या तर तळ आणि आतल्या बाजू मिळून सुमारे ८ चौरस मीटर होतात. २ मिलिमीटरचा थर म्हणजे १६ लिटर माल, वजन साधारण १६ ते १८ किलो. फक्त तळाला ३ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा टाकला तरी शंभर किलोच्या वर वजन जाते आणि तेवढा माल दर फेरीला कमी भरावा लागतो. (थराचे वजन वजनकाट्यावर तपासू म्हणाल तर जमणार नाही. गाडीच्या काट्याला इतका बारीक फरक नीट दिसत नाही.)

सर्वात जास्त लक्ष पूर्वतयारीवर द्यावे, कारण फसवणूक तिथेच होते. पहिल्या खेपेला आम्ही स्वतः फसलो. कारागिराने गंजावरच फवारले. वर्षभरात कडा उचलल्या आणि खाली गंज पूर्वीपेक्षा जास्त पसरलेला निघाला. गंज चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढला पाहिजे, तेल-ग्रीस धुतले पाहिजे, शाबूत रंग खरखरीत घासला पाहिजे, उघड्या पत्र्याला प्रायमर लागला पाहिजे. दिवसभराच्या कामात फवारणी थोडा वेळ घेते, बाकी सगळे घासकाम. घासकाम चालू असताना मालकाने किंवा घरच्या माणसाने तिथे बसावे. शिवाय त्याच वेळी, त्याच तयारीने, पत्र्याच्या एका तुकड्यावर फवारणी करून घ्यावी. दुसऱ्या दिवशी त्याची कड चाकूने उचलून पाहावी. सोलून आली तर हौद्याचेही तेच होणार.

या रसायनाचे ओलीशी वैर आहे. दमट पत्र्यावर फवारले की बुडबुडे येतात. आपल्याकडे होळीनंतर मृगाच्या आधी हे काम करावे, मात्र मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्यावर नको, सकाळी शेडमध्ये. हौद्याची पाणी जाण्याची भोके बुजली नाहीत ना, फाळक्याच्या बिजागऱ्या मोकळ्या फिरतात ना, हे गाडी घेण्यापूर्वी पाहावे.

कोणत्या मालाला काय? खत वाहणाऱ्यांना हे अस्तर फार उपयोगी, कारण युरिया ओला झाला की पत्रा खातो. केळीवाल्यांनी काळ्याऐवजी फिका करडा रंग घ्यावा, खानदेशच्या उन्हात काळा तळ फार तापतो. वाळू-खडी फावड्याने ओढणाऱ्यांना मात्र आम्ही जाड पत्राच सुचवू, फावड्याची धार अस्तर खरवडते. आणि कापडवाल्यांनी बारीक दाण्याचा पोत मागावा. जाड दाण्यावर गाठ सरकत नाही, हमाल ओढतात आणि बारदान फाटते. आमच्या हमालांनी पहिल्याच आठवड्यात ही तक्रार केली व ती खरी होती.

स्वस्त अस्तर काही वर्षे उन्हात राहिले की वरून भुकटी सुटते. उन्हाला टिकणारा वरचा थर वेगळा मिळतो, महाग पडतो. पांढरा माल नेणाऱ्यांनी तो घ्यावाच. अधूनमधून ओले पांढरे फडके अस्तरावर घासून पाहावे. फडके काळे झाले तर खाली ताडपत्री घातल्याशिवाय कापड ठेवू नये. नवीन अस्तर हाताला लगेच कोरडे लागले तरी आठवडाभर त्यावर कापड भरू नये, वास धरतो.

आमच्या गॅरेजवाल्या बांधवांसाठी एक गोष्ट. या द्रव्यांतला एक घटक आयसोसायनेट आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला सुटलेला वायू याच कुळातला. फवारणीत वापरतात तो प्रकार वेगळा आणि कमी उडणारा आहे, पण त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की पुढे थोडासाही सहन होत नाही. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने देणारा मुखवटा, चष्मा, हातमोजे हवेतच, आणि पोरांना शेडमध्ये फिरकू देऊ नये. पुढे कधी हौद्याला वेल्डिंग करायचे झाले तर त्या जागेचे अस्तर आधी खरवडून काढावे. ते जळाले तर विषारी धूर निघतो. आम्ही आमच्या चालकाला गाडीच्या कागदांबरोबर ही चिठ्ठी लिहूनच दिली आहे, वेल्डिंगवाल्याला दाखवण्यासाठी.