एक प्रिंटर, अनेक वाटेकरी

कर्जतहून खोपोलीला जाणारा लोहमार्ग तुम्हांपैकी काहींच्या परिचयाचा असेल. पळसदरीच्या पुढे तो एकेरी आहे. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्यांना रुळांची एकच जोडी वापरावी लागते. म्हणून एक गाडी मार्गावर असली म्हणजे दुसरीला सिग्नलपाशी थांबावे लागते. थांबलेली गाडी रद्द झालेली नसते. मार्ग मोकळा होताच तीही निघते. सार्वजनिक ग्रंथालयातील प्रिंटरची व्यवस्थाही याच तत्त्वावर चालते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा अधिनियम 1967 साली झाला. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क व ड असे वर्ग असतात व वर्गाप्रमाणे त्यांस अनुदान मिळते. पुस्तके, वृत्तपत्रे, सेवकांचे वेतन, विजेचे देयक हे सारे त्यातून भागवावयाचे असते. अशा संस्थेने वाचकांसाठी चार संगणक ठेवले, तरी चार प्रिंटर ठेवणे तिला परवडत नाही. आणि त्यांची गरजही नसते. वाचक संगणकापुढे अर्धा तास बसतो, परंतु त्याची दोन पाने छापून होण्यास एक मिनिटही लागत नाही.

समजा, खालापूर तालुक्यातील एखाद्या ग्रंथालयात चौघे जण बसले आहेत. एका शेतकऱ्याला सात-बाराचा उतारा हवा आहे, एका विद्यार्थिनीला परीक्षेचे प्रवेशपत्र. ठाकूरवाडीतील एक तरुण शिष्यवृत्तीचा अर्ज छापून घेणार आहे, आणि एक मुलगा आपल्या आजीच्या रक्ततपासणीचा अहवाल. चौघांनी एकाच क्षणी आज्ञा दिली, तर कागदांची खिचडी होईल काय? मुळीच नाही. प्रत्येकाची आज्ञा प्रथम संगणकाच्या साठ्यात नोंदली जाते. तेथे कामांची रांग लागते. पहिले काम संपले की दुसरे पुढे सरकते. प्रिंटर सावकाश काम करतो, संगणक झपाट्याने. या दोहोंच्या वेगांत मेळ घालण्याचे कार्य ही रांग करते.

ही युक्ती जुनीच आहे. 1964 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी.डी.सी. 3600 हा प्रचंड संगणक बसविण्यात आला. देशातील अनेक संस्थांचे संशोधक त्या एका यंत्राचे वाटेकरी होते. छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा केंद्रात द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची, अशी रीत होती. थोरामोठ्या शास्त्रज्ञांनाही तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागे!

आपल्याला मात्र अर्धा मिनिट धीर धरवत नाही. कागद आला नाही की आपण पुन्हा बटण दाबतो, मग आणखी एकदा दाबतो. यंत्राला आपली अधीरता कळत नाही. ते प्रत्येक दाबणे नवे काम समजते, आणि प्रवेशपत्राच्या एका प्रतीऐवजी पाच प्रती बाहेर पडतात. तेवढा वेळ मागचे तिघे ताटकळतात. म्हणून बटण एकदाच दाबावे व पडद्यावरील रांग उघडून आपले काम कोठे आहे ते पाहावे. नको असलेले काम तेथूनच रद्द करता येते. सामान्यतः वाचकाला केवळ स्वतःचे काम रद्द करता येईल, दुसऱ्याचे नाही, अशी योजना असते. सर्व कामांवरचा अधिकार ग्रंथपालांकडे असतो.

या अधिकाराचा उपयोग विवेकाने करावा लागतो. कोणी साठ पानांचा प्रबंध छापावयास दिला असेल आणि मागे एका पानाचे प्रवेशपत्र असेल, तर काय करावे? घाटातून मेल जावयाची असली म्हणजे मालगाडी बाजूस थांबवून ठेवतात. तसेच छोटे काम पुढे घेण्यास माझ्या मते हरकत नसावी; मात्र जे छापणे सुरू झाले आहे ते मध्येच तोडू नये. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील चौथा वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. त्यांच्यापुढे ग्रंथ होते. पण तो नियम प्रिंटरलाही लागू पडतो.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या तालुक्यांत आषाढ-श्रावणात आणखी एक अडचण उभी राहते. लेसर प्रिंटरमध्ये काळी पूड विद्युत्‌भाराच्या आकर्षणाने कागदावर बसते आणि नंतर उष्णतेने पक्की होते. दमट कागदावरून हा भार निसटतो व अक्षर फिके उमटते. शिवाय पाने एकमेकांस चिकटून एकीच्या जागी दोन आत ओढली जातात आणि मध्येच अडकतात. म्हणून कागदाचा गठ्ठा वेष्टनातच ठेवावा. त्या दिवसापुरतीच पाने बाहेर काढावीत. अडकलेले पान हिसकून ओढू नये, ग्रंथपालांना सांगावे. फाटलेला तुकडा आत राहिला, तर रांगेतील सर्वांचेच काम खोळंबते.

आता त्या रक्ततपासणीच्या अहवालाकडे वळू. तो छापून ट्रेमध्ये पडला आणि तो मुलगा अजून आपल्या जागीच असला, तर पुढचा माणूस आपला कागद उचलताना आजीचा आजार सहज वाचील. आजीने तो घरातही सर्वांना सांगितलेला नसेल. यासाठी काही ठिकाणी निराळी योजना करतात. काम रांगेत अडवून ठेवलेले असते; वाचक प्रिंटरपाशी जाऊन आपला क्रमांक देतो, तेव्हाच कागद बाहेर येतो. कोणी न आल्यास ठरावीक वेळाने ते काम आपोआप पुसले जाते. जेथे अशी सोय नाही, तेथे आज्ञा दिल्याबरोबर उठून प्रिंटरजवळ उभे राहावे. ग्रंथालय बंद करण्यापूर्वी ट्रेमध्ये कोणाचे पान राहिले असेल, तर ग्रंथपालांनी ते पालथे घालून पाकिटात ठेवावे आणि न्यावयास कोणी आले नाही, तर काही दिवसांनी बारीक फाडून टाकावे.