डबा की अंगावरचे दूध? पाड्यावरील तान्ह्या बाळासाठी आपण काय करावे



कुपोषणाची बातमी वर्तमानपत्रात आली की मंडळ्यांतून एक प्रश्न हमखास येतो: "पाड्यावरच्या तान्ह्या बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे पाठवू का?" विचारणाऱ्यांच्या मनात बाळाविषयी कळवळाच असतो. तरीही या प्रश्नाला आमचे उत्तर 'कृपया पाठवू नका' असेच असते. कोरडा नकार देऊन थांबणे बरे नाही, म्हणून त्यामागची कारणे या अंकात सविस्तर मांडत आहोत. आपल्या स्वतःच्या घरी पाळणा हलणार असेल, तर तिथेही ही माहिती उपयोगी पडेल.

डबा घरात आला की काय होते

आधी साधा हिशोब करू. पाच किलो वजनाच्या बाळाला दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध लागते. डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते तयार केले, तर रोज सुमारे शंभर ग्रॅम पावडर संपते. म्हणजे चारशे ग्रॅमचा डबा चार दिवस पुरतो आणि महिन्याला सात-आठ डबे लागतात. दान म्हणून आलेले दोन डबे आठवड्याभरात संपतात. पुढचे डबे मोलमजुरीवर जगणाऱ्या घराने कुठून आणायचे?

मग डबा पुरवून पुरवून वापरला जातो. दोन चमचे घालायचे तिथे एक घातला जातो. बाटलीतले दूध पांढरेच दिसते, बाळाचे पोटही भरल्यासारखे वाटते, पण त्यात पोषण निम्मेच असते. बाळ रडत नाही, नुसते वाळत जाते.

दुसरी अडचण पाण्याची. दुधाची पावडर जंतुविरहित नसते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की, पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधीच त्यात पावडर मिसळावी, मग दूध निववून बाळाला पाजावे आणि तयार दूध दोन तासांत वापरावे. बाटली आणि बूच प्रत्येक वेळी धुऊन उकळून घ्यायचे. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा दूध पिते. चैत्र-वैशाखात विहीर तळाला गेलेली असते, हंडा डोक्यावरून आणावा लागतो आणि सरपण रानातून. अशा घरात हे आठ वेळा कसे जमावे? जमले नाही की हगवण लागते, आणि लहान बाळाच्या अंगातले पाणी एका दिवसातही धोकादायक इतके कमी होऊ शकते.

दूध कसे येते आणि कसे आटते

सर्वांत मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. आईचे दूध बाळाच्या चोखण्याने तयार होते. बाळ जितके चोखेल आणि स्तन जितका रिकामा होईल, तितके नवे दूध बनते. बाळाला बाटली दिली की ते तेवढ्या वेळी आईला चोखत नाही. शरीराला वाटते की दुधाची गरज कमी झाली, आणि दूध कमी होते. दूध कमी झाले म्हणून बाटली वाढते, बाटली वाढली म्हणून दूध आणखी आटते. काही आठवड्यांत अंगावरचे दूध जवळजवळ बंद होते, आणि नेमका तेव्हाच डबाही संपलेला असतो. मदत म्हणून दिलेली वस्तू बाळाचे हक्काचे दूध तोडून जाते, ते असे.

पहिला तास आणि चीक

बाळ जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला अंगावर घ्यावे. पहिले दोन-तीन दिवस येणारे घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. ते थोडेच असते, पण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. रोगाशी लढणारे घटक चिकात भरपूर असतात. काही घरांत चीक 'वाईट दूध' म्हणून पिळून टाकतात आणि बाळाला मध, गुळाचे पाणी किंवा घुटी चाटवतात. शहरातही हे घडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशातील केवळ ४१.८ टक्के बाळांना पहिल्या तासात आईचे दूध मिळाले होते.

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते. वरून पाणीही लागत नाही, अगदी मे महिन्यातही नाही, कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र चालते. सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, नाचणीची पेज, अंडे, शेंगदाण्याचे कूट असे घरचे अन्न सुरू करावे. अंगावर पाजणे दोन वर्षे आणि त्यापुढेही चालू ठेवावे.

"माझे दूध पुरत नाही"

आया डब्याकडे वळतात त्या बहुधा या एका वाक्यामुळे. बाळ रडले की सासूबाई म्हणतात, शेजारीण म्हणते, आणि शेवटी आईलाही तसेच वाटू लागते. पण रडणे म्हणजे दर वेळी भूक नव्हे. दूध पुरते की नाही हे ओळखण्याच्या दोन साध्या खुणा आहेत. पहिला आठवडा संपत आला की बाळाने दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा लघवी केली पाहिजे. जन्मानंतर थोडे उतरलेले वजन सुमारे दोन आठवड्यांत भरून आले पाहिजे आणि पुढे वाढत राहिले पाहिजे. हे होत असेल तर दूध पुरते आहे.

होत नसेल तर आधी बाळाची पकड पाहावी. तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि केवळ बोंडी नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात, अशी पकड हवी. पाजताना आईला कळा येत असतील तर पकड चुकते आहे असे समजावे. अनेकदा नुसती बसण्याची पद्धत सुधारली की प्रश्न सुटतो. काळजीनेही दूध उतरायला वेळ लागतो, म्हणून ओल्या बाळंतिणीला टोमणे नकोत, धीर हवा.

ही मदत घरापर्यंत पोहोचू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतपणानंतर आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येते, ती पद्धत याच कामातून देशभर गेली. स्तनपान नीट चालले आहे ना, हे पाहणे तिच्या भेटीचा महत्त्वाचा भाग असतो.

खरोखर दूध देता येत नाही तेव्हा

काही वेळा वरचे दूध द्यावेच लागते. आई दगावली, तिच्यावर कर्करोगाची औषधे चालू आहेत, किंवा बाळाला आईचे दूध पचतच नाही असा दुर्मीळ आजार आहे, अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पावडरचे दूध देणे हेच योग्य. तेव्हा बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा बोंडले वापरावे, कारण ते स्वच्छ ठेवणे सोपे असते. अशा आईला किंवा आजीला कुणीही दोष देऊ नये. शहरात स्वच्छ पाणी, पैसा आणि डॉक्टर हाताशी असताना काही कारणाने डबा देणाऱ्या आईलाही नको.

मात्र ज्या कारणांसाठी डबा लागतो असे लोक समजतात, त्यांतली पुष्कळ कारणे खरी नसतात. क्षयरोगाचे उपचार घेणारी आई तोंडाला फडके बांधून, डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजू शकते. सिकलसेल असलेली आईही पाजू शकते, फक्त चालू गोळ्यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. एचआयव्हीबाधित आईसुद्धा औषधे नियमित घेत असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली पाजू शकते. कमी वजनाच्या बाळाला चोखता येत नसेल तर दूध पिळून वाटीने द्यावे आणि बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाला लावून ठेवावे. मोठ्या रुग्णालयांत दूधपेढीही असते. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

बाळ मलूल झाले, चोखेनासे झाले, अंग गार पडले किंवा श्वास भरभर चालू लागला, तर घरगुती उपाय न करता १०८ किंवा १०२ क्रमांकाला फोन करून लगेच दवाखान्यात न्यावे.

कायदा काय सांगतो

पुष्कळांना ठाऊक नसते, पण भारतात १९९२ पासून याविषयी कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार बाळाच्या दुधाची पावडर, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांचे डबाबंद अन्न अनाथालयाखेरीज कुणालाही दान करता येत नाही किंवा वाटता येत नाही. त्यांची जाहिरातही करता येत नाही. म्हणजे नाताळच्या भेटींच्या पेटीत असे डबे घालणे हे कायद्याच्याही विरुद्ध आहे.

हा कायदा सहज आलेला नाही. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरला भाषण करून सांगितले होते की, चुकीच्या प्रचारामुळे बाळांना आईच्या दुधापासून तोडणे म्हणजे हत्याच होय. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतील 'सिस्टर्स ऑफ द प्रेशस ब्लड' या धर्मभगिनी भागधारक या नात्याने एका मोठ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात गेल्या. गरीब देशांत पावडर कशी खपवली जाते याची खरी माहिती द्या, अशी त्यांची मागणी होती. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने ११८ विरुद्ध १ मताने या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. ख्रिस्ती लोक या लढ्यात आघाडीवर होते, हे आपण विसरू नये.

मग आपण काय पाठवावे?

बाळाला पाजायचे असेल तर आईला जेवू घाला. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे साधारण दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ आणि शेंगदाण्याचा एक लाडू. अर्धपोटी आईलाही दूध येते, पण ते तिचे शरीर झिजवून. महाराष्ट्र शासनाच्या अमृत आहार योजनेतून २०१५ पासून आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते. आई तिथपर्यंत पोहोचते का, हे पाहणे हीसुद्धा मदतच आहे.

खरी अडचण येते ती कुटुंब 'जगायला' म्हणून वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जाते तेव्हा. गावची अंगणवाडी मागे राहते, आईला कामाची घाई असते आणि बाळ झोळीत. आपल्या मंडळीजवळ भट्टी किंवा ऊसतोडीचा तळ असेल तर तेथील बाळंतिणींची नावे स्थानिक अंगणवाडीत नोंदवायला मदत करा. मुकादमाशी बोलून त्यांना पाजण्यासाठी सुट्टी मिळवून द्या. डाळ, शेंगदाणे, गूळ, तेल, अंडी, आणि बाळासाठी मऊ सुती कपडे यांसाठी आपले दान उपयोगी पडेल.

निर्गमाच्या पुस्तकातील मोशेची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. फारोच्या मुलीला नदीकाठी बाळ सापडले, आणि त्याला पाजण्यासाठी जी दाई आणली ती त्याची स्वतःचीच आई होती. राजकन्येने तिला त्या कामाचे वेतन देऊ केले. बाळ वाचले ते आईच्या दुधावर, आणि आईला हात मिळाला राजवाड्याचा. आपल्या दानाचा मार्गही तोच असावा.

या तिमाहीत पाड्यांवरील आणि भट्ट्यांवरील बाळंतिणींचे आपल्या प्रार्थनेत स्मरण करावे, ही विनंती.